यंत्र असतं तर दादांना ते लिव्हर मिळालं असतं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या भावाला, म्हणजे दादांना, लिव्हरचा सिरोसिस आहे, नागपूरच्या झेडटीसीसीच्या (मृत डोनरचे अवयव वाटून देणाऱ्या विभागीय समितीच्या) यादीत नाव लागून बरेच महिने झाले. एका रात्री हॉस्पिटलमधून फोन आला, उपाशीपोटी घेऊन या म्हणाले. तुम्ही वर्ध्याहून धावतपळत पोहोचलात, दादांचं रक्त काढलं, आणि पहाटे ‘लिव्हर फार फॅटी निघालं, आज होणार नाही’ असं सांगून परत पाठवलं. नंतर तुमच्या वाचनात आलं की परदेशात असं लिव्हर यंत्राला जोडून त्यात रक्त फिरवतात आणि वापरण्याजोगं करतात. म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. यंत्र असतं तर ते लिव्हर मिळालं असतं का? यंत्र असलेल्या दुसऱ्या शहरात नाव हलवावं का? आणि तुमच्या मंडळाने वर्गणी काढून नागपूरला यंत्र घेऊन द्यायचं ठरवलंय, त्यात काही राम आहे का?

मी लिव्हर आणि किडनी काढण्या-बसवण्याचं काम करतो, म्हणून त्याच अंगाने सांगतो. तिन्ही प्रश्नांमागे एक समज दिसतो: अवयव वेळेअभावी वाया जातात आणि यंत्र वेळ वाढवून देतं. हृदयाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे. नागपूरच्या लिव्हरच्या बाबतीत मात्र घड्याळ सहसा आडवं येत नाही. धंतोलीत काढलेलं लिव्हर नागपुरातच वर्धा रोडवर बसवायचं असेल तर ग्रीन कॉरिडॉर केल्यावर, म्हणजे वाहतूक थांबवून रस्ता मोकळा केल्यावर, प्रवास काही मिनिटांचाच असतो. आडवी येते ती शंका. हे लिव्हर बसवल्यावर चालेल की नाही, हे काढणाऱ्या सर्जनला रात्री दोन वाजता ठरवायचं असतं, आणि हातात असतात डोळे, बोटं आणि जमलंच तर एक बायोप्सी.

ते कसं ठरवतात ते सांगतो, म्हणजे तुम्हाला परत का पाठवलं ते लक्षात येईल. पोट उघडल्यावर आधी लिव्हरची कड बघतो. चांगल्या लिव्हरची कड पातळ आणि धारदार असते. चरबी साठलेल्याची कड जाड, गोलसर होते आणि रंग पिवळटपणाकडे झुकतो. बोटाने दाबलं तर ठसा उमटून राहतो. मग थंड द्रावण सोडून रक्त धुवून काढतो तेव्हा चांगलं लिव्हर सगळीकडून सारखं फिकं पडतं. चरबीचं लिव्हर चट्ट्याचट्ट्यांनी धुतलं जातं. शंका आली की छोटा तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो. मोठ्या थेंबांची चरबी ३० टक्क्यांच्या आत असेल तर बहुतेक सर्जन लिव्हर घेतात. ६० टक्क्यांच्या वर असेल तर जवळजवळ कोणीच घेत नाही. मधल्या पट्ट्यात डोनरचं वय, त्याचे रिपोर्ट आणि पेशंट किती आजारी आहे यावर ठरतं, आणि तिथे दोन चांगले सर्जन दोन वेगळी उत्तरं देऊ शकतात.

चरबीने एवढं काय बिघडतं? फुगलेल्या पेशी मधल्या अतिबारीक रक्तवाहिन्या दाबून टाकतात, आणि अशा पेशी बर्फातला काळ नीट सोसत नाहीत. बर्फात अवयव ‘झोपतो’ असं म्हणतात, पण ती झोप अर्धवटच असते. ३७ अंशांवरून ४ अंशांवर आणलं की पेशींची गरज साधारण दहाव्या हिश्शावर येते, शून्यावर येत नाही. प्राणवायू बंद झालेला असतो, त्यामुळे शिल्लक ऊर्जा हळूहळू संपते, पेशीतून सोडियम बाहेर टाकणारे पंप थांबतात, पेशी फुगतात आणि नको ते पदार्थ आत साचतात. रक्त परत सुरू केलं की प्राणवायू त्या साठ्यावर येऊन आदळतो आणि पहिल्या काही मिनिटांतच सगळ्यात जास्त नासधूस होते. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउथर्ड यांनी तयार केलेलं द्रावण ही फूग बरीच रोखतं. ते आल्यावर बर्फाची पेटी जगभर रूढ झाली आणि अजूनही आहे. ढोबळ मर्यादा अशा: हृदय चार ते सहा तास, फुप्फुस सहा ते आठ, लिव्हर आठ ते बारा, किडनी चोवीस तास किंवा थोडी पुढे.

पेटीचं थोडं विषयांतर करतो, कारण तिला लोक उगाच हलकं समजतात. द्रावणात बुडवलेला अवयव एका निर्जंतुक पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, ती तिसऱ्यात, मग बर्फ. बर्फ वितळता, चुऱ्याचा हवा. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना नवख्या माणसाला वाटतं की डीप फ्रीजरमधला कडक बर्फ भरला तर जास्त सुरक्षित. तो बर्फ शून्याच्या कितीतरी खाली असतो. त्याच्या संपर्कात अवयवाचा भाग गोठला तर तो गेलाच. वितळता बर्फ शून्याच्या खाली जाऊच शकत नाही, म्हणून तो भरायचा.

आता यंत्र. कल्पना जुनी आहे. अॅलेक्सिस कॅरेल या सर्जनने, एकट्याने अटलांटिक ओलांडणाऱ्या वैमानिक चार्ल्स लिंडबर्गला हाताशी धरून, १९३५ मध्ये शरीराबाहेर अवयव जिवंत ठेवणारा काचेचा पंप बनवला होता. १९६० च्या दशकात बेल्झर यांनीच किडनीसाठी पंप वापरले. पुढे द्रावणं सुधारली, बर्फ स्वस्त आणि सोपा ठरला, आणि पंप बहुतेक ठिकाणी मागे पडले. गेल्या वीसेक वर्षांत ते परत आले, कारण डोनर बदलले. वय वाढलेले, जाड, मधुमेही डोनर आले, आणि पाश्चात्त्य देशांत हृदय थांबल्यानंतर अवयव देणारेही. असे अवयव बर्फाला पुरत नाहीत.

लिव्हरची यंत्रं मुख्यतः दोन प्रकारची. एक गरम: ३७ अंशांवर, रक्तपेढीतल्या लाल पेशी, प्राणवायू, रक्त गोठू न देणारं हेपारिन, पोषकद्रव्यं आणि इन्सुलिन घालून रक्त फिरवायचं. इथे लिव्हर खरोखर कामाला लागतं. ते लॅक्टेट (प्राणवायू कमी पडल्यावर साचणारं आम्ल) खाली आणतं, पित्त तयार करतं, साखर हाताळतं. जुनी गाडी घेण्याआधी एक चक्कर मारून बघतो ना, तसं ते लिव्हर बसवण्याआधी चालवून बघता येतं. ब्रिटनमध्ये सगळ्या केंद्रांनी नाकारलेली ३१ लिव्हर अशी तपासून बघितली. त्यातली २२ बसवण्याजोगी ठरली आणि बसवली गेली. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि तुम्ही वाचलेली बातमी बहुधा याच जातीची असणार. पण त्याच अभ्यासात त्या २२ पैकी चार जणांना पुढे पित्तनलिका आकसल्यामुळे पुन्हा ट्रान्सप्लांट लागलं, हे बातम्यांत सहसा येत नाही. लिव्हरच्या पेशी चालल्या म्हणजे पित्तनलिकाही वाचल्या असं धरता येत नाही.

दुसरा प्रकार थंड: साधारण १० अंशांवर, पण भरपूर प्राणवायू मिसळलेलं द्रावण, बसवण्याआधी किमान दोन तास. इथे लिव्हर ‘चालत’ नाही, पण त्याची संपलेली ऊर्जा भरून येते आणि साचलेलं हळूहळू निपटतं, त्यामुळे रक्त सुरू केल्यावरचा तडाखा सौम्य होतो. नेदरलँड्समधून निघालेला २०२१ चा अभ्यास आहे. हृदय थांबलेल्या डोनरच्या लिव्हरमध्ये पित्तनलिका आकसून त्रास होण्याचं प्रमाण बर्फात १८ टक्के होतं, या पद्धतीने ६ टक्के झालं. मला वैयक्तिकरीत्या हा प्रकार जास्त पटतो, त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. रात्री तीनला पंप बंद पडला तर थंड यंत्रावरचं लिव्हर निदान थंड तरी असतं, ते पटकन बर्फात ठेवता येतं. गरम यंत्र बंद पडलं तर ३७ अंशांवर प्राणवायूविना पडलेलं लिव्हर मिनिटामिनिटाला खराब होतं. म्हणजे गरम यंत्राला सतत जागं राहणारा, सराव असलेला माणूस लागतो.

मग दादांच्या त्या रात्रीचं काय? खरं उत्तर चरबीच्या टक्क्यावर आहे, आणि तो तुम्हाला सांगितलेला दिसत नाही. मधल्या पट्ट्यातलं लिव्हर असेल तर यंत्राने निर्णय बदलला असता, अशी शक्यता चांगली होती. ६० च्या पुढचं असेल तर मी स्वतः यंत्रावर घालूनही दादांना बसवलं असतं की नाही, शंका आहे. यंत्रावरच चरबी वितळवणाऱ्या औषधांचं काम चालू आहे, पण ते संशोधनाच्या पातळीवर आहे. फॅटी लिव्हर यंत्रावर ठेवलं म्हणजे बारीक होतं असं नाही. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. दादांचं स्वतःचं लिव्हर कितीही खचलेलं असलं तरी काहीतरी रेटतंय. ते काढल्यावर नवं सुरूच झालं नाही, तर किडनीसारखी डायलिसिसवर वाट बघायची सोय नसते. काही दिवसांत दुसरं लिव्हर मिळालं तरच माणूस वाचतो. त्या पहाटे ज्याने ‘नाही’ म्हटलं, त्याचा तुम्हाला राग येणं साहजिक आहे, पण मला त्याचा निर्णय समजतो.

इथे परदेशी आकड्यांबद्दल सावध करतो. २०१८ चा युरोपातला मोठा अभ्यास २२० लिव्हरचा होता. गरम यंत्रावर ठेवलेल्यांत लिव्हरला इजा कमी झाली, वाया जाणारी लिव्हर निम्म्यावर आली, साठवणीचा वेळही वाढवता आला. पण एक वर्षानंतर जगलेले पेशंट आणि टिकलेली लिव्हर यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. म्हणजे फायदा मुख्यतः जास्त लिव्हर वापरता येण्याचा. शिवाय यंत्राची डोळ्यात भरणारी यशं बरीचशी हृदय थांबलेल्या डोनरमधली आहेत, आणि आपल्याकडे जवळजवळ सगळे मृत डोनर ब्रेन डेड असतात, ज्यांचं हृदय शेवटपर्यंत चालू असतं. त्यांच्या अवयवांना बर्फ बऱ्यापैकी पुरतो. तिकडचा फायदा जसाच्या तसा इकडे धरू नका.

नाव हलवण्याबद्दल. २०२३ पासून अधिवासाची अट काढावी असं केंद्र सरकारने राज्यांना सांगितलं आहे, त्यामुळे दुसऱ्या राज्यात नोंदणी करणं पूर्वीपेक्षा सोपं आहे. पण लिव्हर आधी त्या त्या ठिकाणच्या यादीत फिरतं. तिथली यादी लांब असेल तर यंत्र असूनही दादांचा नंबर मागेच राहील. त्यात पोहोचण्याचा प्रश्न. वर्ध्याहून नागपूरला तुम्ही रात्रीतून येता. चेन्नई किंवा मुंबईचा फोन रात्री अकराला आला आणि सकाळपर्यंत विमानच नसलं, तर हॉस्पिटल पुढच्या नावाकडे वळतं. तिथे घर भाड्याने घेऊन राहायची तयारी असेल, खर्च झेपत असेल आणि दादांचा मेल्ड स्कोअर (लिव्हर किती खचलंय ते सांगणारा आकडा) भरभर वाढत असेल, तर हलवण्यात अर्थ आहे. नुसत्या यंत्रासाठी मी हलवायला सांगणार नाही.

यापेक्षा मोठी गळती कुठे आहे ते सांगतो, कारण मंडळाच्या पैशांचं उत्तर तिथेच आहे. अपघाताचा किंवा मेंदूतल्या रक्तस्रावाचा पेशंट चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडून नागपूरच्या आयसीयूत येतो. मेंदू गेल्याचं ठरवायला कायद्याने चार डॉक्टरांचं मंडळ लागतं आणि सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी. तोवर शरीर बिघडत असतं. मेंदू मेला की लघवी रोखणारं हार्मोन बंद होतं. पेशंट तासाला अर्धा लिटर लघवी करायला लागतो, सोडियम चढत जातं. वेळेवर तेच हार्मोन, म्हणजे व्हॅसोप्रेसिन, बाहेरून दिलं, नळीतून पाणी दिलं, दर काही तासांनी सोडियम बघितलं तर ते आटोक्यात राहतं. दुर्लक्ष झालं की १६०, १७० होतं, आणि असं लिव्हर बसवल्यावर धोका वाढतो. नीट सांभाळलेल्या डोनरचं लिव्हर बर्फाच्या साध्या पेटीतूनही छान चालतं. आणि कित्येक पेशंटांच्या बाबतीत तपासणीच होत नाही, नातेवाईकांना कोणी विचारतच नाही. अशा लिव्हरला कुठलं यंत्र वाचवणार?

तरी यंत्र घ्यायचंच म्हटलं, तर लिव्हरचं घेऊ नका, किडनीचं घ्या. आपल्याकडे मृत डोनरकडून सगळ्यात जास्त बसवल्या जातात त्या किडन्या. थंड पंपाचा पुरावाही जुना आणि भक्कम आहे. २००९ च्या युरोपीय अभ्यासात ३३६ डोनरची एक किडनी पंपावर आणि दुसरी बर्फात ठेवली होती. बसवल्यावर लगेच काम न करणाऱ्या, म्हणजे पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागणाऱ्या किडन्या पंपावर २०.८ टक्के, बर्फात २६.५ टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण खरा आहे, आणि इकडे पेशंटच्या खिशाला आणि आयसीयूतल्या दिवसांना तो जाणवतो. पंपावर किडनीचा रक्तवाहिन्यांमधला अडथळाही कळतो. तो तासातासाला उतरत गेला तर सर्जनला धीर येतो. किडनी तासभर गरम यंत्रावर ठेवण्याचा प्रयोगही ब्रिटनमध्ये झाला, पण त्यात बर्फापेक्षा फायदा दिसला नाही. म्हणून थंडच.

हृदय आणि फुप्फुसाचा हिशेब वेगळा आहे. इथे काढलेलं हृदय मुंबईला, चेन्नईला न्यायचं तर विमानतळ, उड्डाण, तिकडचा रस्ता धरून चार तासांत बसवायची घाई होते, आणि तिथे यंत्राने वेळ खरंच वाढतो. पण ते यंत्र अवयव बसवणारं केंद्र घेऊन येतं. ते नागपूरने घेण्यात काही मतलब नाही.

मंडळाला आणखी एक विचारा: दुसऱ्या वर्षी काय? पंप एकदाचा येतो, पण प्रत्येक अवयवासाठी नळ्या-कॅसेटचा एकदाच वापरायचा संच लागतो. लिव्हरच्या गरम यंत्राचा संच लाखांच्या घरात जातो, शिवाय रक्तपेढीतून लाल पेशी लागतात. पंप एका हॉस्पिटलात गेला तर बाकीच्यांना कितपत मिळेल, तो कोण चालवणार, सुटीच्या दिवशी इंजिनिअर कुठून येणार, हे लेखी ठरल्याशिवाय पैसे देऊ नका. देणगीतून आलेलं महागडं यंत्र कव्हर घातलेल्या अवस्थेत कोपऱ्यात उभं असलेलं मी एका ठिकाणी बघितलंय. काही केंद्रांनी मिळून एक किडनी पंप वापरायचा आणि संचाचा खर्च पाच वर्षं उचलायचा अशी बोली झाली, तर मी स्वतः मंडळाच्या बैठकीला येऊन समजावून सांगेन. तशी बोली जमत नसेल, तर त्याच पैशात रात्री बायोप्सी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टची कायमची सोय आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या आयसीयू नर्सेसचं प्रशिक्षण, एवढं तरी होईल. त्या पहाटे दादांना नेमका टक्का सांगता येणं हेही रात्रीच्या बायोप्सीवरच अवलंबून असतं.

शेवटी दादांबद्दल. पुढच्या ओपीडीला सध्याचा मेल्ड, सोडियम आणि त्या रात्रीचा बायोप्सी रिपोर्ट मागा. मधल्या पट्ट्यातलं लिव्हर पुन्हा आलं तर तुमचा सर्जन घेईल का, आणि दादांनी कोणत्या परिस्थितीत ‘हो’ म्हणावं, हे आत्ताच बोलून घ्या; मध्यरात्री फोनवर हे बोलणं नीट होत नाही. दुसरं, तुमचा रक्तगट तुम्ही लिहिलेला नाही. सख्खा भाऊ कायद्याने जवळचा नातेवाईक आहे, त्यामुळे जिवंत डोनर म्हणून तुम्हाला परवानगीचा फार फेरा पडत नाही. तुम्ही धडधाकट असाल, दारू नसेल आणि रक्तगट जुळत असेल तर स्वतःची सोनोग्राफी आणि सीटी करून घ्या. तुमचंही लिव्हर फॅटी निघू शकतं, आपल्याकडे ते फार कॉमन आहे. सौम्य असेल तर तीन-चार महिने वजन उतरवून पुन्हा तपासता येतं, आणि ते उतरवायला आजपासूनच लागलात तर बरं.